अल्टरनेटिव्ह्ज (पर्यायी आज्ञांची निवड)

डेबियन व तिच्यापासून निघालेल्या लिनक्स वितरणांत एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅमपैकी सामायिक नावाने कोणता चालावा, हे ठरवणारी व्यवस्था. ‘ऑक’ (मजकुरावर प्रक्रिया करणारी आज्ञा), ‘व्हीआय’ आणि ‘एडिटर’ (मजकूर संपादक) ही अशी सामायिक नावे होत.

‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ हे मूळ साधन इयन जॅक्सन यांनी पर्ल भाषेत लिहिले. त्यातील स्वामित्वहक्काच्या नोंदीवरून त्याचा काळ १९९५ च्या सुमाराचा धरता येतो. पुढे ते सी भाषेत नव्याने लिहिले गेले. सोलॅरिस या युनिक्स प्रणालीत बीएसडी (युनिक्सची एक शाखा) पद्धतीच्या आज्ञा ‘यूसीबी’ आणि मानकांनुसारच्या आज्ञा ‘एक्सपीजी४’ अशा वेगळ्या फोल्डरांत असत. या पद्धतीला अल्टरनेटिव्ह्जची पूर्वपीठिका मानता येईल. पण तिथे निवड वापरकर्त्याच्या ‘पाथ’मधील (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीतील) क्रमाने होई, इथे ती प्रशासक संपूर्ण यंत्रासाठी करतो. त्यामुळे या व्यवस्थेचे मूळ डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या नियमात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते : एकच फाइल दोन पॅकेजांच्या मालकीची असू शकत नाही.

रचना दुहेरी दुव्यांची, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या नावांची आहे. ‘यूएसआर’ या प्रोग्रॅमांच्या फोल्डरातील ‘ऑक’ हा दुवा ‘ईटीसी’ या यंत्राच्या मांडणीच्या फोल्डरातील अल्टरनेटिव्ह्ज फोल्डरातल्या दुसऱ्या दुव्याकडे जातो आणि तो खऱ्या प्रोग्रॅमकडे. हा वळसा मुद्दाम घेतलेला आहे, कारण त्यामुळे स्थानिक निर्णय ‘ईटीसी’पुरते राहतात आणि ‘यूएसआर’ अनेक यंत्रांना वाटून, केवळ वाचनासाठी वापरता येते. मदतपानांचे दुवे मुख्य दुव्याबरोबरच बदलतात.

स्वयंचलित अवस्थेत सर्वाधिक अग्रक्रमांकाचा पर्याय निवडला जातो. संपादकांत नॅनोला ४०, पूर्ण व्हिमला ३० आणि ईडीला उणे १०० असे क्रमांक आढळतात. हे आकडे पॅकेज बांधणारे ठरवतात. ते गुणवत्तेचे माप नव्हे. प्रशासकाने हाताने निवड केली, की नवे पॅकेज आले तरी ती टिकते.

ऑकचे उदाहरण विशेष बोलके आहे. मॉक आणि गॉक हे ऑकचे दोन पर्यायी प्रोग्रॅम. मॉकचा क्रमांक ५, गॉकचा १०. फक्त मॉक असलेल्या यंत्रावर गॉक बसवताच ‘ऑक’ या नावाचा अर्थ न विचारता बदलतो. गॉकमधील ‘जेनसब’ हे फलन मॉकमध्ये नाही. म्हणून एका यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडते. अशा स्क्रिप्टमध्ये ‘गॉक’ असेच स्पष्ट लिहावे किंवा पॉझिक्स या युनिक्स-मानकाच्या मर्यादेत राहावे.

‘एसएच’ या शेलसाठी (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) डेबियनने ही व्यवस्था न वापरता फाइल वळवण्याची निराळी युक्ती योजली. रेड हॅट या लिनक्स वितरणात ‘अल्टरनेटिव्ह्ज’ याच नावाचे, सी भाषेतील स्वतंत्र साधन आहे.