मुरघास आणि वाळला चारा

मुरघास म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी करून, दाबून, हवा न लागू देता मुरवलेला चारा, बरेच जण सायलेजच म्हणतात. वाळला चारा म्हणजे उन्हात सुकवून गंजी लावलेला. काम दोघांचं एकच, पावसाळ्यातलं हिरवं मे महिन्यात गव्हाणीत पोचवायचं. पण दुधावरच्या गाईचं गणित वेगळं आणि वाढत्या कालवडीचं वेगळं, तिथंच कास्तकार चुकतात.

आधी एक घोळ मिटवू. पुस्तकात मुरघासाशी ज्या वाळल्या चाऱ्याची तुलना असते ते म्हणजे फुलोऱ्यात कापून हिरवेपणा टिकेल असं वाळवलेलं गवत, नाहीतर लसूणघास. विदर्भात वाळला चारा म्हटलं की सोयाबीन-तुरीचं कुटार, ज्वारीचा कडबा आणि भंडारा-गोंदियाकडं धानाची तणस. हे सगळं दाणे काढून उरलेलं, झाडातला माल दाण्यात निघून गेलेला. तणशीत प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, वरून सिलिका, आणि ऑक्झलेट, जे कॅल्शियम अडवून धरतं. चांगल्या वाळवलेल्या लसूणघासात हीच प्रथिनं १५ टक्क्यांच्या वर जातात. म्हणून वाळल्या चाऱ्याचे पुस्तकातले आकडे तणशीच्या गंजीला लावू नये. धुऱ्यावरचं गवत कुसळं धरायच्या आत कापून वाळवलं तर ते खरं तुलनेचं, पण नेमकी तेव्हाच सोयाबीनची घाई, मजूर भेटत नाही, आणि परतीचा पाऊस आला की कापलेलं गवत वावरातच काळं पडतं.

मुरघासाला एवढं ऊन लागत नाही. मका साधारण ८०-९० दिवसांनी, दाणा चिकात असताना, पाणी ६५-७० टक्के असताना कापायचा, १-२ सेंमीची कुट्टी करायची आणि बॅगेत किंवा खड्ड्यात थर देत तुडवायची. तुडवणं हेच खरं काम, बाकी जिवाणू करतात: आतली हवा संपली की ते साखरेचं लॅक्टिक अॅसिड बनवतात, सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. ४५ दिवसांनी उघडता येतो. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, ज्यानं होते ते विषसुद्धा मुरल्यावर बरंच कमी होतं. (चारा आम्लात टिकवायची पद्धत काढणारे फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे, म्हणजे विषय वाटतो तेवढा गावठी नाही.)

दुधावरच्या गाईला मुरघास मानवतो, मक्याच्या दाण्याची ताकद त्यातच असते. संकरित गाईला दिवसाला १५-२० किलो चालतो. पण ३ किलो मुरघासात कोरडा माल १ किलोच, बाकी पाणी, टोपली भरलेली दिसते एवढंच. आणि नुसता मुरघास वर सरकी ढेप असं केलं तर रवंथ कमी, लाळ कमी, पोटात आम्ल वाढतं आणि डेअरीवर फॅट खाली येते, मग दूधवाल्याशी भांडण. सोबत २-३ किलो कडबा किंवा कुटार टाकलं की बहुतेक भागतं. मुरघास धार काढून झाल्यावर टाकावा, आधी टाकला तर वास दुधात उतरतो.

कालवडीचं उलटं. तीन महिन्यांच्या आतल्या वासराला मुरघास नकोच, पोट तयार नसतं. त्यानंतर मक्याचा मुरघास मोकळा सोडला तर ती गुबगुबीत दिसते, मालक खूश, पण माजावर यायच्या आधी कासेत चरबी साचली की दूध बनवणारी पेशी कमी राहते आणि ते नुकसान पुढं भरून निघत नाही. शिवाय मक्याच्या मुरघासात प्रथिनं ८ टक्क्यांच्या आसपास, वाढत्या कालवडीला १२ च्या वर लागतात. म्हणून तिला वाळवलेलं गवत किंवा लसूणघास मुख्य, मुरघास मोजून. नुसत्या कुटारावर ठेवली तर मात्र ती वाढतच नाही, माज लांबतो.

खराब माल दोन्हीकडं असतो. बॅगेला उंदरानं भोक पाडलं की तिथून बुरशी धरते, आणि नागपूर-चंद्रपूरच्या ४५ डिग्रीत उघडा खड्डा तापतो, म्हणून रोज समोरून सरळ थर काढून लगेच झाकावं. आंबट-गोड वास चांगला, सडक्या लोण्यासारखा आला तर फेकावं. पावसात भिजलेल्या कुटारालाही बुरशी लागते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या दुधात उतरतं.