जिन्याखालची ‘रॅले’: नॉटिंगहॅमची की आसनसोलची?

ठाण्याच्या खारकर आळीत किंवा चेंदणी कोळीवाड्यात एखादे जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे होऊ लागले, की कधी कधी जिन्याखालून सळईच्या ब्रेकची एक काळी, उंच सायकल बाहेर निघते. हँडलखालच्या मोनोग्रामवर बगळ्याचे डोके दिसले, की ती ‘आजोबांची खास विलायती रॅले’ ठरते आणि संध्याकाळपर्यंत तिची किंमतही ठरून जाते. घाई होते ती इथेच. रॅले या नावाच्या सायकली आपल्याकडे दोन ठिकाणांहून आल्या, आणि त्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असल्या तरी त्यांचे वय ओळखण्याची रीत वेगळी आहे आणि त्यांना मिळणारा भावही वेगळा आहे.

पहिली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. फ्रँक बोडेन यांनी १८८७ मध्ये तिथल्या रॅले स्ट्रीटवरच्या एका लहान कारखान्यात भांडवल घातले आणि रस्त्याचे नाव सायकलीला मिळाले. दुसरी पश्चिम बंगालमधल्या आसनसोलची. स्वातंत्र्यानंतर सायकलींच्या आयातीवर निर्बंध वाढत गेले, त्या काळात सुधीरकुमार सेन यांनी नॉटिंगहॅमच्या कंपनीशी करार करून आसनसोलजवळच्या कन्यापूर येथे सेन-रॅले हा कारखाना उभा केला. म्हणजे आसनसोलची सायकल नकली नव्हे. रॅले हे नाव तिने हक्काने लावलेले आहे. ‘ओरिजिनल नाही’ असे म्हणून तिला भंगाराच्या भावात मागणारे गिऱ्हाईक एक तर अजाण असते किंवा फार जाणते.

ओळख पटवताना मोनोग्रामवर सर्वांत कमी विसंबावे, कारण तो दोन बारीक स्क्रूंनी किंवा रिव्हेटांनी बसवलेला असतो आणि एका सायकलीवरून दुसरीवर सहज जातो. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा माथा अधिक बोलका असतो. नॉटिंगहॅमच्या रोडस्टरला, म्हणजे रोजच्या वापराच्या या उंच सायकलीला, नळीसारखा गोल माथा आणि त्याच्या दोन्ही टोकांना चकचकीत टोपणे असतात. मात्र आसनसोलची घडण याच नमुन्यावरून उतरलेली असल्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही. त्यासाठी लहान भागांवरचे ठसे वाचावे लागतात: रिमवर व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, पॅडलवर, कातडी सीटच्या बाजूला आणि नटबोल्टांच्या डोक्यावर. नॉटिंगहॅमच्या बोल्टांवर पुष्कळदा ‘आर. आय.’ ही रॅले इंडस्ट्रीजची आद्याक्षरे आढळतात. सीटवर ब्रुक्सचा ठसा असेल तर ती बर्मिंगहॅमची. पण चांगली सीट मालक नव्या सायकलीवरही नेत असत, हे ध्यानात ठेवावे.

वय ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी भाग म्हणजे मागच्या चाकाचा हब, म्हणजे आरा जिथे येऊन मिळतात तो मधला तुंबा. नॉटिंगहॅमच्या सायकलीत स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या कवचावर जातीचे नाव आणि शेजारी वर्षाचा आकडा कोरलेला असतो. एडब्ल्यू ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध जात १९३६ ची. युद्धापूर्वीच्या हबांवर वर्षाचा एकच अंक दिसतो, म्हणजे ८ असेल तर १९३८. युद्धानंतरच्या हबांवर दोन आकडे येतात आणि पुढे सोबत महिनाही येतो. ‘५४ ६’ असे वाचले तर तो हब जून १९५४ चा. पुढच्या चाकात त्याच कंपनीचा डायनोहब (दिव्यासाठी वीज तयार करणारा हब) असल्यास त्यावरचा आकडाही पाहावा. दोन्ही आकडे एकाच वर्षाच्या आसपास पडले तर सायकलीचे वय बहुतेक तेच. आठ-दहा वर्षांचे अंतर पडले तर एक चाक नंतर बदललेले आहे. सांगाड्यावरचा, बहुधा सीटखालच्या जोडावर असलेला क्रमांक पाहून चटकन वर्ष सांगणाऱ्याकडे मी जरा संशयानेच पाहतो, कारण रॅलेच्या जुन्या क्रमांकांचा वर्षांशी सरळ मेळ बसत नाही.

आसनसोलच्या सायकलीत असा हब क्वचितच भेटतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक रोडस्टर बिनगिअरच्याच होत्या. तिचे वय नावावरून काढावे लागते. १९८० च्या कायद्याने सेन-रॅलेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कारखाना सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे गेला. त्यामुळे पावतीवर किंवा पट्टीवर हे नवे नाव असेल तर ती त्यानंतरची. (त्याच कायद्याने आपल्या वरळीची हिंद सायकल्सही सरकारकडे गेली, आणि मुंबई-ठाण्याच्या हौशी लोकांनी रॅलेपायी तिच्याकडे फारच दुर्लक्ष केले आहे, असे माझे मत आहे.)

भावाच्या बाबतीत नॉटिंगहॅमची सायकल वरचढ ठरते, विशेषतः चालू स्थितीतला गिअरहब, पूर्ण बंद चेनकव्हर आणि मूळचा दिवा शाबूत असल्यास. परंतु दोघींनाही सारखाच लागू पडणारा निकष म्हणजे मूळ रंग. खाडीच्या दमट हवेत क्रोम फुटते, म्हणून अनेक जण विकण्यापूर्वी सायकल गॅरेजमध्ये नेऊन झकास काळी रंगवून आणतात आणि सोनेरी रेषा, अक्षरे व ठसे एका दुपारी घालवून बसतात. जाणकार अशा सायकलीला कमीच मागतो. त्याऐवजी सीटचा दांडा काढून आतली नळी गंजाने खाल्ली आहे का ते पाहावे, तेलाच्या फडक्याने धूळ पुसावी आणि तिथेच थांबावे. तसेच विक्रेते सर्रास म्हणतात त्या अर्थाने ही सायकल ‘अँटिक’ नसते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार त्यासाठी साधारणपणे शंभर वर्षांचे वय लागते.

हँडलला किंवा दांड्याला पत्र्याचा अथवा पितळेचा एखादा बिल्ला लटकत असेल तर तो काढू नये. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि त्या वर्षाचा बिल्ला देत. ठाण्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली, त्यामुळे ‘ठाणे नगरपालिका’ असे लिहिलेला बिल्ला त्याआधीचाच असणार. त्यावरून सायकल केव्हा बनली हे कळत नाही. पण त्या वर्षी ती ठाण्याच्या रस्त्यावर धावत होती एवढे मात्र निश्चित होते.