चहाचं अनुपान

बीजिंगमधलं तोंगरन्थांग हे औषधांचं दुकान १६६९ सालचं. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्याही पाच वर्षं आधीचं. अलीकडे या दुकानाने तरुण गिऱ्हाइकांसाठी कॅफे काढले आहेत. तिथे गोजी बेरी घातलेला लाते मिळतो, लुओहान्ग्वो नावाच्या अतिगोड फळाची अमेरिकानो मिळते, आणि यीमूत्साओ व गुलाब घातलेला लातेसुद्धा. यातली यीमूत्साओ ही बायकांच्या पाळीच्या तक्रारींवरची जुनी वनस्पती, गरोदरपणात वर्ज्य.

हे सगळं आजचं फॅड वाटतं. पण चहात काहीबाही घालून पिण्याची सवय चीनमध्ये फार जुनी आहे, आणि तिला नावं ठेवणंही तितकंच जुनं. आठव्या शतकात लू यू याने चहावर ग्रंथ लिहिला. कांद्याची पात, आलं, चिनी बोरं, संत्र्याची साल, पुदिना घालून खळखळ उकळलेला चहा म्हणजे गटारात ओतून द्यायचं पाणी, असं त्याने त्यात बजावलंय. आपल्या आलं-गवती चहाच्या कपाबद्दल त्याचं मत न विचारलेलंच बरं.

वैद्यांनी मात्र चहा निराळ्या कामाला लावला. सोंग राजवटीत सरकारी औषधालयांसाठी जो योगसंग्रह, म्हणजे औषधांच्या कृतींचा संग्रह, तयार झाला, त्यात डोकेदुखीवरचं एक चूर्ण आहे: छ्वानश्योंग छात्याओ सान. नावाचा अर्थच ‘चहात कालवून घ्यायचं छ्वानश्योंगचं चूर्ण’. छ्वानश्योंग आणि बाइझी या दोन मुळ्या, पुदिना, ज्येष्ठमध अशी आठ औषधं एकत्र कुटायची आणि जेवणानंतर चहाबरोबर घ्यायची. आपल्याकडे ज्याला अनुपान म्हणतात, तेच हे. फक्त मध-तुपाच्या जागी चहा.

चहाच का? जुनं उत्तर असं की ही औषधं तिखट, उष्ण आणि वर चढणारी. चहा कडू आणि थंड, तो त्यांना आवरून खाली आणतो. आजचं उत्तर कॅफिनचं. कॅफिनमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनाशामकाचा जोर थोडा वाढतो. पॅरासिटॅमॉलसारख्या गोळीबरोबर १०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅफिन दिलं, तर चांगला आराम पडणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ५ ते १० जणांनी वाढतं, असं कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली अनेक चाचण्यांच्या घेतलेल्या आढाव्यात दिसलं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफिन असतं ते याचसाठी. अर्थात यावरून ते चूर्ण गुणकारी ठरत नाही. अनुपानाची निवड तेवढी अगदीच वेडगळ नव्हती, इतकंच म्हणता येईल.

मग सगळीच औषधं चहाबरोबर घ्यावीत का? उलट चिनी वैद्यांचा सर्वसाधारण सल्ला ‘औषधावर चहा नको’ असाच असतो. कारण घरी बघता येतं. कडक कोरा चहा गाळून फ्रिजमध्ये ठेवा. लख्ख तांबूस दिसणारा चहा थंड झाला की गढूळ होतो. चहातली टॅनिनसारखी तुरट द्रव्यं कॅफिनला धरून बसतात आणि ती जोडी थंड पाण्यात नीट विरघळत नाही. कॅफिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींमधलं नत्र असलेलं, बहुधा कडू द्रव्य. वनौषधींमधले इतर अल्कलॉइडही असेच टॅनिनच्या तावडीत सापडतात. ह्वांगल्येन या चिनी मुळीत बर्बेरिन असतं (आपल्या दारुहळदीतही तेच पिवळं, कडूजहर द्रव्य). त्याच्या द्रावणात कडक चहा ओतला की पाणी गढुळतं आणि तळाशी साका बसतो. म्हणजे औषधातला काही भाग पोटात जाण्याआधीच कपात राहिला. गंमत म्हणजे, न विरघळणारी गोष्ट जिभेला कडू लागत नाही, म्हणून जपानमध्ये बर्बेरिन मुद्दाम टॅनिनशी जोडून जुलाबावरचं औषध केलं गेलं. लोहाच्या गोळ्यांवर चहा पिऊ नका असं डॉक्टर सांगतात, त्यामागेही चहातली हीच द्रव्यं आहेत.

कॉफीच्या बाबतीत मला जास्त काळजी ज्येष्ठमधाची वाटते. चिनी योगांमध्ये ते जागोजागी असतं. त्याला ‘ग्वोलाओ’ म्हणतात, दरबारातला ज्येष्ठ सल्लागार, कारण ते इतर औषधांना जुळवून घेतं. (आपलं ‘ज्येष्ठमध’ मूळ यष्टिमधु, म्हणजे गोड काठी, पण योगायोग झकास आहे.) त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेहून कितीतरी पट गोड. म्हणून साखर टाळणाऱ्यांना कपात ते घालायचा मोह होतो. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निकामी करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याच्या आड ग्लिसिरायझिन येतं. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो. कॅफिनही रक्तदाब तात्पुरता वाढवतं, आणि फार झालं तर पोटॅशियम उतरवतं. गाणाऱ्यांनी चघळलेल्या कांडीने काही बिघडत नाही. रोज दाट काढा, दिवसभर कॉफी आणि वर रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, असं त्रांगडं झालं की हृदयाचे ठोके चुकू शकतात. अमेरिकेत रोज दीड पाकीट ज्येष्ठमधाची कँडी खाणारा एक माणूस पोटॅशियम घसरून दगावला. २०२० साली डॉक्टरांनी ती हकीकत प्रसिद्ध केली.

माह्वांगचा किस्सा तर सरळ बंदीपर्यंत गेला. दमा आणि सर्दीवरच्या या झुडपातून नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली एफेड्रिन वेगळं काढलं. शंभरेक वर्षांनी अमेरिकेत वजन घटवायला माह्वांग आणि कॅफिन एकत्र विकलं जाऊ लागलं. दोन्ही हृदयाला टाच मारणारी. झटके, पक्षाघात, मृत्यू यांच्या तक्रारी साचत गेल्या आणि २००४ साली तिथल्या औषध प्रशासनाने एफेड्राच्या, म्हणजे माह्वांगच्याच, पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

आता पुन्हा त्या डोकेदुखीच्या चूर्णाकडे. त्यातल्या बाइझीमध्ये इम्पेरॅटोरिन नावाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत ते यकृतातल्या नेमक्या त्याच विकराला अडवतं, जे कॅफिन मोडतं. एरवी संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकराच्या सुमाराला अंगात शिल्लक असतं. माणसाच्या शरीरातही बाइझीने हेच केलं, तर डोकेदुखी उतरेल, पण झोप अकरालाही येणार नाही.