बसच्या हवेत तेल येते कुठून?

पावसाळ्यातल्या सकाळी पुण्यातल्या एखाद्या बस डेपोत ब्रेक आणि दारे चालवणारी दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीखालचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडला, की कधी नितळ पाणी पडते, तर कधी दुधासारखा पांढुरका, बुळबुळीत द्रव. हा द्रव म्हणजे पाण्यात घुसळले गेलेले तेल. ‘कॉम्प्रेसर तेल मारतोय’, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारे यंत्र हवेबरोबर तेलही ढकलते आहे, असे निदान लगेच होते आणि बहुधा ते खरेही असते. पण तो तेल का मारतो, हा त्यापुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

डिझेल किंवा सीएनजी बसमधला कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो आणि त्याला वंगणही इंजिनाच्याच तेलाचे मिळते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडे तेल वर सरकणे अटळ आहे. दाबलेली हवा बाहेर पडताना तिचे तापमान 150 अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. या उष्णतेत काही तेलाची वाफ होते, तर काही जळून काजळीच्या रूपाने पाइपात आतून बसते. पाइपाचे तोंड अरुंद झाले की कॉम्प्रेसरला अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागते, तो अधिक तापतो आणि काजळी आणखी वाढते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. 30 अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता 80 टक्के असेल, तर त्या हवेत 24 ग्रॅम पाणी असते. ही हवा नऊपट दाबून पुन्हा 30 अंशांपर्यंत थंड केली, तर तिच्यात जेमतेम सव्वातीन ग्रॅम बाष्प टिकते आणि उरलेल्या वीसेक ग्रॅमचे पाणी होते. म्हणूनच टाक्यांच्या आधी एअर ड्रायर असतो. त्यातले सच्छिद्र मणी बाष्प पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि टाक्या भरल्या की राखून ठेवलेली थोडी कोरडी हवा उलट फिरून ते पाणी बाहेर ढकलते. तेलाचा थर बसला, की मण्यांची छिद्रे बुजतात आणि उलट फिरणारी हवा त्यांना पुन्हा कोरडे करू शकत नाही. तेलाने होणारे पहिले मोठे नुकसान हेच, की ते पाण्याला वाट मोकळी करून देते. पुढे व्हॉल्व्हमध्ये गंज धरतो आणि तेल न सोसणारे रबरी सील फुगतात. व्हॉल्व्ह अडकला, तर ब्रेक लागायला किंवा सुटायला उशीर होतो, आणि भरलेल्या बसच्या बाबतीत तो उशीर क्षुल्लक म्हणता येत नाही.

ड्रायरसाठी तेल गाळणारे, म्हणजे त्याचे सूक्ष्म थेंब एकत्र करून अडवणारे, बदलता येणारे कार्ट्रिज मिळते आणि ते वापरावेच. मात्र तेलाची वाफ त्यातून निसटते. म्हणून कॉम्प्रेसर ते ड्रायर हा पाइप पुरेसा लांब, वाऱ्यात आणि सतत उताराचा असावा लागतो, म्हणजे हवा वाटेत निवते. कॉम्प्रेसरकडे येणारा एअर फिल्टर धुळीने तुंबला, तर सिलिंडरमध्ये निर्वात वाढून तेल वर ओढले जाते. रस्त्यांच्या खोदकामातून रोज जाणाऱ्या बसला याचा त्रास लवकर होतो.

पण शहरी बसचे मूळ दुखणे कामाच्या भाराचे आहे. स्वारगेटहून हडपसरकडे जाणारी बस थांब्याथांब्यावर ब्रेक लावते, दारे उघडते, आणि सस्पेन्शनच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या, फुग्यांनाही हवा लागते. त्यात दाराच्या सिलिंडरमधून किंवा ब्रेक चेंबरमधून गळती असेल, तर कॉम्प्रेसरला उसंतच मिळत नाही. तो जितका जास्त वेळ भरत राहील, तितका तापेल आणि तितके तेल पुढे ढकलेल. अशा बसला नवे कार्ट्रिज घातले, तरी तेही लवकरच तेलाने माखते. त्याऐवजी टाक्या भरून इंजिन बंद करावे, दाबमापकाचा काटा किती वेगाने उतरतो ते पाहावे आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. या स्वस्त, कंटाळवाण्या कामाला पर्याय नाही, असे मला मनापासून वाटते.

पुण्यात 2019 पासून धावणाऱ्या विजेवरच्या बसच्या प्रकारात हे गणित बदलते. तिथे कॉम्प्रेसर स्वतंत्र मोटरवर चालतो. तो तेलविरहित असेल, तर तेलाचा प्रश्न मुळातच मिटतो, पाण्याचा मात्र नाही, त्यामुळे ड्रायर कायम राहतो. तेलाचे वंगण लागणारा फिरता कॉम्प्रेसर असेल, तर दुखणे नेमके उलटे असू शकते: तो फार थोडा वेळ चालला, तर त्याचे तेल पुरेसे तापत नाही, त्यात आलेले पाणी उडून जात नाही, आणि ड्रेन कॉकमधून पडणारा तो पांढुरका द्रव आता कॉम्प्रेसरच्याच पोटात तयार होऊ लागतो.