टुरिंग बाईकचे मागचे शॉकअप: बदलणं आणि सेटिंग

लांबच्या प्रवासाला वापरायच्या मोटरसायकलचे मागचे शॉकअप रायडरच्या वजनाप्रमाणे, सामानाप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे लावून घेणं, आणि तेवढ्याने भागत नसेल तर चांगल्या प्रतीचे नवीन बसवणं, असं हे काम आहे. शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात, स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं तेल स्प्रिंगची उसळी आवरतं, त्याला डॅम्पिंग म्हणतात. हा फरक डोक्यात पक्का नसला की माणूस चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतो.

जुन्या बाईकना मागे सस्पेन्शनच नसायचं, सीटखालच्या स्प्रिंगांवर सगळा भार. रॉयल एनफील्डने १९४८ च्या इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायल या खडतर रस्त्यांच्या स्पर्धेत स्विंगआर्मवाली (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दांडा असलेली) बुलेट उतरवली, आणि हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. आजची इंटरसेप्टर ६५० पण दोन शॉकअपवालीच आहे, मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली हलायला मिळणारी जागा, फक्त ८८ मिमी. हिमालयन ४११ ला एकच मोनोशॉक आणि ट्रॅव्हल १८० मिमी. म्हणजे मागे माणूस, दोन बॅगा आणि खड्ड्यांचा रस्ता असला तर इंटरसेप्टरवाल्याला चुकायला फार कमी जागा उरते.

सगळ्यात आधी सॅग, म्हणजे वजनाने बाईक मागून किती खाली बसते ते, मोजायचा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक हेच करत नाहीत आणि थेट महागड्या शॉकअपची चौकशी करत बसतात. बाईक सेंटर स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत राहिलं पाहिजे, मग एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत टेपने मोजा. नंतर रायडिंग गिअर घालून, ट्रिपचं सगळं सामान लावून, मागचा माणूस येणार असेल तर त्यालाही बसवून परत मोजा, टेप धरायला तिसरा माणूस लागतो. फरक ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के यायला पाहिजे, इंटरसेप्टरला म्हणजे २६ मिमीच्या आसपास. जास्त आला तर सी-पान्याने (शॉकअपची कडी फिरवायचा वाकडा पाना) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवायचा, दोन्ही बाजूंना सारखाच.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. बाईकचा मागचा भाग वर उचलला जातो, एवढंच. स्प्रिंग बरोबर आहे का हे बघायला बाईक रिकामी उभी करून सॅग मोजायचा. भरलेला सॅग जमवण्यासाठी प्रीलोड इतका आवळावा लागला की रिकामी बाईक जराही खाली बसत नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि जास्त कडक स्प्रिंगच घ्यावी लागणार. म्हणून नवीन शॉकअप घेताना ब्रँडच्या आधी तुमच्या वजनाची स्प्रिंग मिळते का ते विचारा.

चांगल्या शॉकअपला रिबाउंडचा नॉब असतो, दाबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल ते त्याने ठरतं. मोकळा ठेवला तर बाईक स्पीडब्रेकरनंतर डुलत राहते आणि घाटाच्या वळणात मागून हलते. फार आवळला तर लागोपाठ खड्ड्यांत शॉकअपला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही, बाईक खाली खाली बसत जाते आणि मग प्रत्येक दणका मागच्या माणसाच्या पाठीत. एका वेळी एक-दोनच क्लिक फिरवायचे, त्याच रस्त्यावर परत जायचं, आणि आकडा लिहून ठेवायचा. तेल तापून त्यात हवा मिसळली की डॅम्पिंग ढिलं पडतं, ते टाळायला दाबाखालचा नायट्रोजन भरतात, बाजूची छोटी टाकी असते ती यासाठीच. ती टाकी घरी खोलायची नाही, आत बराच दाब असतो.

बसवताना लांबी दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून घ्या. मूळपेक्षा लांब शॉकअप लावला तर मागचा भाग उचलला जातो, स्टिअरिंग चपळ होतं, साइड स्टँडवर बाईक जास्त कलते आणि चेनचा ताण परत बघावा लागतो. दोन शॉकअपच्या बाईकला एकदम दोन्ही काढू नका, एका बाजूचा बदलून मग दुसरा, म्हणजे स्विंगआर्म जागेवर राहतो. सामान चढवल्यावर हेडलाइटही बघून घ्या, मागचा भाग बसला की झोत वर जातो आणि रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो.