लोहाच्या गोळीआधी पित्ताची गोळी?

सातारा-कोरेगावकडे रक्त कमी असलेल्या बाईला ठरलेला सल्ला मिळतो: ‘लोहाची गोळी उष्ण पडते, आधी पित्ताची गोळी घे.’ आम्ल मारलं की लोह छान अंगी लागतं, ही समजूत नेमकी उलटी आहे.

वाघ्या घेवडा, बाजरी, मेथी यांतलं लोह बहुतेक फेरिक रूपातलं, म्हणजे सहज न विरघळणारं. जठरातलं आम्ल ते विरघळवतं, फेरस, म्हणजे सहज शोषल्या जाणाऱ्या रूपात यायला मदत करतं आणि मग लहान आतड्याच्या सुरुवातीलाच ते शोषलं जातं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशी आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर बरंचसं लोह तसंच पुढं निघून जातं. मटणातल्या लोहाचं आम्लावाचून तितकं अडत नाही. घेवड्याच्या आमटीवर लिंबू पिळणं मात्र खरंच उपयोगाचं. वर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

गोळीनं जळजळ, मळमळ होते हे खोटं नाही. त्यावर जेवणानंतर किंवा एक दिवसाआड गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. अल्सरसाठी दिलेली पित्ताची गोळी मात्र परस्पर बंद करू नका.