काउंट सव्वा लाख, आणि ताप नाही

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा रिपोर्ट परवा माझ्या टेबलावर आला. पांढऱ्या पेशी १,२४,०००. निरोगी माणसात त्या साधारण ४ ते ११ हजार असतात. ताप नाही, खोकला नाही. डाव्या बरगडीखाली जड वाटतं आणि चार घासांत पोट भरतं, एवढीच तक्रार. 'काउंट वाढलाय म्हणजे इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झालेले. गावात 'पोटात गोळा धरलाय, करणी आहे' म्हणून अंगारा लावण्यात तीन महिने गेले. ती फुगलेली प्लीहा होती. अशा तीन महिन्यांची मला मनस्वी चीड येते.

काउंटवरून पेशी किती ते कळतं. कुठल्या, ते बघायला स्मिअरच लागतो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने जिभेसारखा पातळ थर ओढायचा, लीशमनचा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. इन्फेक्शनमध्ये बहुतेक पेशी पिकलेल्या दिसतात, थोड्या कोवळ्या. इथे सगळ्या वयाच्या होत्या. खळ्यावर पिकलेलं भात यावं, तिथे हिरव्या लोंब्या आणि रोपंसुद्धा येऊन पडावीत, तसं. शिवाय काळ्या-जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या बेसोफिल पेशी. एरवी शंभरात जेमतेम एखादी दिसते. इथे सात मोजल्या.

हा सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कॅन्सर. १९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक तोकडं गुणसूत्र दिसलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी टोकांची अदलाबदल केल्याचं १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्यात ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआरला जोडलं जातं. एबीएलचं एन्झाइम एटीपीकडून (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून) फॉस्फेट घेऊन दुसऱ्या प्रथिनांना लावतं. 'वाढा' हा निरोप असाच पुढे जातो. एरवी त्याच्याच सुरुवातीचा तुकडा त्याला आवळून बंद ठेवतो. जोडणीत तो तुकडा गळतो आणि बीसीआरचा भाग असे रेणू एकमेकांजवळ आणतो. मग ते एकमेकांनाच फॉस्फेट लावत कायम चालू राहतात. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली इमॅटिनिब ही गोळी नेमकी एन्झाइममधल्या त्या एटीपीच्या खोबणीत जाऊन बसते. कॅन्सरवर म्हणून सुचवला जाणारा गव्हांकुराचा रस तिथे पोचत नाही.

ही जोडणी झाल्याची खात्री होते ती कोरोनात सगळ्यांच्या तोंडी झालेल्या आरटी-पीसीआरने. हातातलं रक्त पुरतं. महिनोन्महिने प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर असतील, किंवा हिमोग्लोबिन १८ बघून घरचे 'रक्त भरपूर आहे' म्हणत असतील, तर तिथेही कारण शोधायला हवं. त्यासाठी, अशाच दुसऱ्या रक्ताच्या आजारांत बिघडणाऱ्या जॅक-२ नावाच्या जनुकाची तपासणी असते.

शेतकऱ्याचा पीसीआर पॉझिटिव्ह आला. गोळी रोज घ्यायची, मधेच सोडायची नाही, हे त्यांनी मुकाट ऐकलं. मग एकच विचारलं, "डॉक्टर, हे पोरांना लागतंय काय?"

नाही. ही अदलाबदल जन्मानंतर हाडांतल्या मज्जेच्या एका पेशीत झालेली. वाडवडिलांकडून आलेली नाही, मुलांकडे जाणार नाही.